‘समजलं का?’ असं विचारू नका

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग संपवून नुकतेच वॉर्डात रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं गेली आणि आता नव्या मुलामुलींना हाताशी धरून शिकवायचं काम माझ्याकडे येतं. प्रोफेशनॅलिझमचा धडा सगळ्यांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. वॉर्डात आल्यावर त्याचा अर्थ इस्त्रीचा गणवेश आणि वेळेवर ड्युटी एवढाच उरतो. इन्चार्ज सिस्टर बूट-नेमप्लेट बघतात, बघू देत. पेशंट मात्र तुमचं बोलणं ऐकत असतो.

‘ए आजी, हात कर इकडे.’ नवीन पोरं आठवडाभरात असं बोलायला लागतात, कारण आजूबाजूला सगळे तसंच बोलतात. ‘अहो आजी, सुई लावतेय हं’ म्हणायला वेगळा वेळ लागत नाही. दुसरी खोड आवाजाची. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला ‘तीन नंबरच्या एचआयव्हीचं ब्लड गेलं का?’ असं ओरडून विचारलं की पाहुण्यांसकट सगळ्यांना कळतं. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने पेशंटची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. बेडला चिठ्ठी अडकवणं किंवा केसपेपरच्या दर्शनी भागावर लाल शाईने लिहिणंही त्यातच आलं. ग्लोव्हज सगळ्यांसाठीच घालायचे असतात, मग वेगळी खूण हवीच कशाला? आणि जखमेचा फोटो बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. फोटोतून चेहरा कापून टाकला तरी नाही.

ब्रदर मंडळींना एक खास सांगणं. बाईपेशंटचा ईसीजी काढायचा असेल तर आधी सिस्टरला हाक मारा. त्या मोकळ्या नसतील तर घरची बाई जवळ उभी करा आणि पडदा ओढा. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा स्त्री-रुग्णाचा हक्क म्हणून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत लिहिलेला आहे, तोच नियम आपण स्वतःला लावायचा. महाराष्ट्रात 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले आणि खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तो फलक एकदा उभं राहून नीट वाचा. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, कागदपत्रांच्या प्रती मागता येतात, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं. नातेवाईक हे प्रश्न बिलिंगवाल्यांना विचारत नाहीत. रात्री दोन वाजता तुम्हाला विचारतात.

संमतीपत्राचा गोंधळ तर रोजचा. फॉर्म आपल्या हातात देऊन ‘सिस्टर, सही घेऊन टाका’ म्हणायची पद्धत सगळीकडे आहे. प्रोसिजर समजावणं डॉक्टरांचं काम, आपण साक्षीदार. त्यामुळे सहीआधी पेशंटला एकच विचारायचं: ‘डॉक्टरांनी काय करणार म्हणून सांगितलंय?’ उत्तर आलं नाही तर फॉर्म बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. थोडा राग खावा लागतो, खायचा. मुलाची नाहीतर नवऱ्याची सही पुरते हाही गैरसमज. समीरा कोहली खटल्यात बाई भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची सही त्याचीच लागते.

आता माझा आवडता विषय, पेशंटला शिकवणं. याची नोंद एका ओळीत होते, ‘हेल्थ एज्युकेशन गिव्हन’, आणि खरंच शिकवलं का हे कोणी तपासत नाही.

दुसरीकडून डिस्चार्ज घेतलेले एक आजोबा शुगर चारशेच्या वर घेऊन आमच्याकडे आले. इन्सुलिन नेमाने घेत होते. वीस युनिट, एकही दिवस चुकवला नव्हता. मी म्हटलं, ‘आजोबा, कसं भरता ते दाखवा.’ त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली. टोपण नारिंगी. बाटली होती 40 युनिटची, म्हणजे एका मिलीत 40, आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी ही 100 युनिटवाली. तिच्यावर वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर 0.2 मिली येतं, म्हणजे जेमतेम आठ युनिट. मेडिकलवाल्याने होती ती दिली आणि आजोबांना कोणी फरक सांगितलेला नव्हता. ‘समजलं का?’ असं विचारलं असतं तर त्यांनी ‘हो’च म्हटलं असतं. आपल्याकडे मोठ्या दवाखान्यात ‘नाही समजलं’ म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून ‘मला करून दाखवा’ म्हणायचं, आणि टोपणाचा रंग पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचा.

तेवढ्यावर भागत नाही. घरी फ्रीज आहे का, हे विचारा. नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठात ठेवता येते. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. जेवण किती वाजता, हेही विचारा. शेतावर जाणारी बाई सकाळी सुई टोचून घेते आणि भाकरी खाते दहाला. मग रक्तातली साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं. कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी हवी: तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

उपवासाचं तर कोणी आपणहून सांगतच नाही, कारण डॉक्टर ओरडतात. संकष्टी, नवरात्र, रोजे, जे असेल ते न ओरडता विचारा. ‘उपास धरता का?’ विचारलं की बाया खुलून बोलतात. मग तो मुद्दा राऊंडला डॉक्टरांसमोर मांडा, डोस तेच बदलतील. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेऊ नका, एवढं मात्र तिथल्या तिथे सांगून ठेवा.

वेळ कुठून आणायचा? तीस पेशंटना दोन सिस्टर असताना कोणी टेबल-खुर्ची मांडून शिकवत नाही. डिस्चार्जच्या दिवशी तर आशाच सोडा. रिक्षा खाली उभी असते, माणसं बिलाच्या रांगेत असतात. सकाळचा डोस देतानाच शिकवायला लागा. पहिल्या दिवशी त्याने बघायचं, दुसऱ्या दिवशी त्याने भरायचं आणि तुम्ही बघायचं. घरी सुई सून टोचणार असेल तर संध्याकाळी भेटायच्या वेळेत तिला गाठा. नाहीतर सगळं शिकून जातो मुलगा, आणि तो सोमवारी पुण्याला कामावर निघून गेलेला असतो.