जिंजात जाताय? मग या चुका टाळा

तोक्योच्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना जवळच्या जिंजात, म्हणजे शिंतो देवळात, न्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. माणसं बदलतात, चुका त्याच. देवळात कसं वागायचं हे आपल्याला लहानपणापासून येतं, असं वाटत असल्यामुळे कोणी आजूबाजूला बघतच नाही.

पहिला घोळ पाण्याचा. तोरीच्या कमानीतून आत गेलं की छपराखाली कुंड दिसतं, ते तेमिझुया. एका काकांनी तिथे बूट-मोजे काढले आणि ओगराळ्याने सरळ पायांवर पाणी ओतायला घेतलं. मी धावत पोचेपर्यंत काकू ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्यायल्याही होत्या. मागे किमोनो घातलेल्या चिमुरडीला घेऊन शिचि-गो-सान या लहान मुलांच्या सणासाठी आलेलं कुटुंब ताटकळत होतं. कोणी अवाक्षर काढलं नाही. एक आजोबा फडकं घेऊन आले आणि फरशी पुसायला लागले. काका मलाच म्हणाले, "अरे, देवळात जायचं तर पाय नकोत का धुवायला?"

नकोत. बूटही काढायचे नाहीत, कारण एरवी नमस्कार बाहेर उभं राहूनच करायचा असतो. ओगराळं उजव्या हाताने एकदाच भरा. आधी डावा हात, मग हात बदलून उजवा. पुन्हा उजव्या हातात धरून डाव्या तळव्यावर पाणी घ्या आणि चूळ भरा, कुंडात न थुंकता. डावा हात परत धुवा आणि ओगराळं उभं धरून उरलेल्या पाण्याने दांडा धुऊन काढा. 2020 नंतर बऱ्याच ठिकाणी ओगराळी काढून टाकली. तिथे धारेखाली हात धुवायचे. मी तर आधी दोन जपानी माणसांना पुढे जाऊ देतो. रील बघून आलेल्यांना तेवढाही दम नसतो.

दुसरं, "मूर्ती कुठाय?" म्हणून जाळीतून मोबाइल आत घालणं. पुढे दिसतं ते हाइदेन, प्रार्थनेची जागा. देवाचं अधिष्ठान मागच्या बंद गाभाऱ्यात असतं आणि ते दाखवायचं नसतंच. नारा प्रांतातल्या ओमिवा जिंजात तर गाभाराच नाही, मिवा डोंगर हेच अधिष्ठान.

उदबत्ती पेटवू नका. कोल्ह्याला देव समजू नका, तो इनारी या धान्यदेवतेचा दूत.

टाळ्या कुठे वाजवायच्या तेही बघा. असाकुसात सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आणि असाकुसा जिंजा शेजारीशेजारी आहेत. लोक दोन्हीकडे टाळ्या पिटतात. जिंजात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. इझुमोच्या मोठ्या जिंजात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. 1868 मध्ये सरकारने दोन्ही पंथ वेगळे काढेपर्यंत बरीच सरमिसळ होती, त्यामुळे काही बौद्ध मंदिरांतही तोरी दिसते. पाटी वाचा.

"मेइजी जिंगू पाहिलं, आता हे छोटं कशाला?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. मेइजी जिंगू हे तोक्योतलं मोठं जिंजा, पण 1920 चं. गल्लीतली कित्येक जिंजा त्याहून जुनी आहेत. वस्तीचं ग्रामदैवतच ते. महिन्याभराचं बाळ पहिल्यांदा इथेच आणतात, जत्रेत मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, इथूनच खांद्यावर निघते.

गोशुइन, म्हणजे दर्शनाची खूण म्हणून वहीत मिळणारा देवळाचा शिक्का, नमस्कारानंतर घ्यायचा, आधी नाही. बहुधा 300 ते 500 येन पडतात. सुटे ठेवा, खिडकीतल्या माणसाला दहा हजारांची नोट दाखवू नका.