घरामागे आई-बाबांसाठी घर बांधायचंय? आधी एस्क्रोची (घरखरेदीच्या कागदांची) फाईल काढा

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घर घेतलं की वर्षभरात हा विषय निघतोच. मागे एवढी जागा पडली आहे, आई-बाबा दरवेळी सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना त्यांचं वेगळं छोटं घर देता येईल का? देता येईल. पुण्यात बंगल्यामागे आउटहाऊस असायचं ना, साधारण तसंच. इथे त्याला एडीयू (अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट) म्हणतात. त्याला स्वतःचं दार, स्वयंपाकघर आणि बाथरूम असतं.

‘नकाशा पास करून घेणे’ म्हटलं की आपल्याला खेटे, ओळखीपाळखी आणि शेजाऱ्यांची ना-हरकत आठवते. ती धास्ती इथे बाळगू नका. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांमुळे घर नियमांत बसत असेल तर शहराला ते मंजूर करावंच लागतं. सुनावणी होत नाही, शेजाऱ्याची सही लागत नाही. प्लॉटवर आधीपासून घर असेल, तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाकारलं तर काय चुकलं आणि ते कसं सुधारायचं, हेही लेखी कळवावं लागतं. बाजूंनी आणि मागून ४ फूट सोडून बांधलेलं ८०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं घर ‘लॉट कव्हरेज (प्लॉटचा बांधकामाने व्यापलेला भाग) जास्त होतंय’ म्हणून अडवता येत नाही. एकेकट्या घरांच्या वसाहतीत एचओएलाही (घरमालकांच्या संघटनेलाही) सरसकट बंदी घालता येत नाही.

मात्र ‘पूर्ण अर्ज’ हे दोन शब्द नीट वाचा. वेळ जातो तो तिथे.

आमचंच सांगतो. ४ फुटांचा नियम पाठ होता, म्हणून मागच्या कुंपणापासून ४ फूट सोडून नकाशा काढून घेतला. ओटा कुठे, देवघर कुठे, सगळं ठरलं. प्लॅन चेकमध्ये, म्हणजे शहराच्या नकाशा-तपासणीत, निघालं की मागची १० फुटांची पट्टी युटिलिटी ईझमेंट आहे. विजेच्या आणि पाण्याच्या कंपन्यांसाठी राखलेल्या त्या पट्टीवर बांधता येत नाही, तिथे ४ फुटांची सवलत चालत नाही. नकाशा मुळापासून बदलला, तीन महिने गेले आणि आईचं येणं पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. ही पट्टी घर घेताना मिळालेल्या टायटल रिपोर्टमध्ये (जागेची मालकी आणि तिच्यावरचे इतरांचे हक्क सांगणाऱ्या अहवालात) लिहिलेली होती. मी तो कधी उघडलाच नव्हता. तुम्ही नवीन आहात, तुमची ती एस्क्रोची फाईल अजून हाताशी असेल. डिझायनरला फोन करण्याआधी ती वाचा.

मग जमिनीखालचं बघा. सांडपाण्याची लाईन घराच्या कोणत्या बाजूने रस्त्याकडे जाते? मागचं अंगण रस्त्यापेक्षा खाली असेल तर पंप बसवावा लागू शकतो आणि खर्च वाढतो. जुन्या घरांत विजेचं पॅनल बरेचदा १०० अँपिअरचंच असतं. ते २०० करायचं तर वीज कंपनीच्या रांगेत थांबावं लागतं, आणि शहराचे ६० दिवस त्या रांगेला लागू नसतात. म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. मोठं झाड तोडायचं असेल तर अनेक शहरांत त्याचीही वेगळी परवानगी लागते.

आकार ठरवताना ७५० स्क्वेअर फुटांचा आकडा लक्षात ठेवा. त्याहून लहान घराला शहराची इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार म्हणून घेतलेली फी) लागत नाही. प्लॅन चेकची आणि परमिटची फी मात्र भरावीच लागते. सुट्या नवीन एडीयूला सोलर लागू शकतं, ते बजेटमध्ये धरा. प्रत्येक शहराला आधीच मंजूर केलेल्या नकाशांची सोय ठेवावी लागते. त्यातला एखादा तुमच्या जागेत बसला तर तोच घ्या, महिने वाचतात.

गॅरेजचं घर केलं तर त्या बदल्यात शहराला नवं पार्किंग मागता येत नाही, आणि हा मार्ग बऱ्याचदा स्वस्त पडतो. पण गॅरेजची जमीन उतरती असते, ती समतल करून घ्या. म्हाताऱ्या माणसांना रात्री बाथरूमला जाताना उंबरठाही नको आणि पायरीही नको. शॉवरच्या भिंतीत आत्ताच जाड फळ्या घालून ठेवा, म्हणजे धरायचा दांडा नंतर कधीही बसवता येईल. शहर हे विचारो न विचारो, तुम्ही नकाशातच लिहून घ्या.

शेवटची तपासणी होऊन भोगवट्याची परवानगी हातात येईपर्यंत तिथे कुणाला राहायला पाठवू नका. आई-बाबांची तिकिटंही त्यानंतरच काढा.