ईटीएफ घेताना या चुका टाळा, निदान सकाळी सव्वानऊला तरी

नाशिकच्या गंगापूर रोडवर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आयकर विवरणपत्रं भरणं हे मूळ काम. पण विवरणपत्रांची घाई संपली की उरलेलं वर्षभर लोक "ताई, हा ईटीएफ कसा आहे?" एवढं विचारायलाच येतात. ईटीएफमध्ये मला कमिशन मिळत नाही, त्यामुळे उत्तर देताना स्वार्थ नसतो. वैताग मात्र असतो, कारण दहातल्या आठ जणांनी तो आदल्या दिवशीच घेतलेला असतो.

प्रश्नही ठरलेले. सगळ्यात स्वस्त कोणता? सगळ्यात मोठा कोणता? मागच्या वर्षी सगळ्यात जास्त कुणी दिले? समोर दिसतोय तो भाव खरा आहे का, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

भाव एक, किंमत दुसरी

या चुकीवर माझा खास राग आहे, म्हणून आधी हीच.

ईटीएफ हा म्युच्युअल फंडच, पण तो शेअरसारखा बाजारात विकला जातो. त्यामुळे त्याला दोन आकडे असतात. एक, त्याच्या पोटात जे शेअर, सोनं किंवा चांदी आहे त्याची एका युनिटमागची किंमत, म्हणजे एनएव्ही. दुसरा, बाजारात कुणीतरी ज्या भावाने विकायला बसलाय तो. बाजार चालू असताना पहिला आकडा आयएनएव्ही या नावाने फंड कंपनीच्या वेबसाइटवर बघायला मिळतो. शेअरवाल्या ईटीएफचा तर फार तर पंधरा सेकंद मागे असतो.

एरवी हे दोन आकडे एकमेकांना धरून चालतात. त्याचं श्रेय मार्केट मेकर, म्हणजे फंडाशी थेट देवाणघेवाण करणाऱ्या मोठ्या व्यापारी मंडळींना. भाव किमतीच्या वर गेला की ते फंडाकडे माल जमा करतात, ताजी युनिट घेतात आणि बाजारात विकतात. त्यांना चार पैसे सुटतात, आपल्याला भाव जागेवर आलेला मिळतो. पण हे सगळं माल मिळाला तर. माल आटला की युनिट नवीन तयार होत नाहीत, घेणारे मात्र तेवढेच राहतात.

२०२५ च्या दिवाळीत चांदीचं नेमकं हेच झालं. धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. त्याआधीच्या आठवड्यात सराफ बाजारातले ओळखीचे पेढीवाले "पैसे आज द्या, चांदी चार दिवसांनी" असं सांगत होते. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेला एक मुलगा, आमचा जुना ग्राहक, त्याच्याकडे बोनस आणि मोडलेली एफडी मिळून दोन लाख होते. मंगळवारी सव्वानऊला बाजार उघडला, नऊ सोळाला याने चांदीच्या ईटीएफची मार्केट ऑर्डर, म्हणजे आपला भाव न लिहिता ऑर्डर, टाकली आणि नऊ सतराला मला स्क्रीनशॉट. खाली लिहिलेलं, "सराफाच्या दारात रांग नको, घडणावळ नको, एकदम शुद्ध चांदी."

मी आयएनएव्ही काढून बघितला. भाव सुमारे दहा टक्के वर होता. म्हणजे दोन लाख मोजून पठ्ठ्याच्या खात्यात चांदी आली एक लाख ब्याऐंशी हजारांची. वरचे अठरा हजार ना सरकारला गेले, ना ब्रोकरला. समोर ज्याने युनिट विकली त्याची दिवाळी झाली. एवढ्यात आईला पैंजण घडवून झाले असते, घडणावळीसकट.

त्याच आठवड्यात बऱ्याच फंड कंपन्यांनी चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये (जो फंड पुढे चांदीचा ईटीएफच घेतो) एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं, कारण ईटीएफचे भाव ताणलेत हे त्यांना दिसत होतं. दुकानदार स्वतः शटर अर्ध्यावर ओढून "आज नका घेऊ" म्हणतोय, आणि हे खालून वाकून आत शिरतायत.

दिवाळी सरली, चांदी उतरली आणि प्रीमियमही, म्हणजे खऱ्या किमतीवरचा जादा भाव, वितळला. दोन्हीकडून मार. महिनाअखेरीस त्याचे दोन लाख एक पासष्टच्या आसपास आले होते आणि तो माझा फोन उचलत नव्हता. मग डिसेंबरात चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली, त्याचे पैसे सुटले आणि आता तो कंपनीच्या कँटीनमध्ये सांगत फिरतो की ताई उगाच घाबरवतात. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं की खऱ्या किमतीला घेतली असतीस तर याच पैशांत दहा टक्के जास्त युनिट आली असती. तो म्हणाला, "पण नफा झाला ना?" यावर मी चहा मागवला.

अमेरिकेतल्या नॅस्डॅकच्या ईटीएफचं दुखणंही याच जातीचं. परदेशी ईटीएफमध्ये पैसे टाकायला भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून एक अब्ज डॉलरची मर्यादा आहे. इतर परदेशी गुंतवणुकीसाठी वेगळी, सात अब्जांची. या मर्यादा भरत आल्या की फंडाला नवीन युनिट काढता येत नाहीत आणि आहे त्याच युनिटांवर सगळे तुटून पडतात. मग अमेरिकेत बाजार वर जाईल की खाली, हा प्रश्न बाजूलाच राहतो. उद्या मर्यादा वाढवली तर तिकडे काहीही न घडता तुमचा प्रीमियम उतरेल.

माझी सवय अशी आहे: फोनवर आधी आयएनएव्ही, मग भाव. साध्या निफ्टीच्या (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या) ईटीएफमध्ये पाव टक्क्याचा फरक सोडून देते. अर्ध्याच्या पुढे गेला तर त्या दिवशी ऑर्डर नाही. हा आकडा कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, माझा आहे.

"जो असेल तो भाव"

आम्ही मूळचे निफाडकडचे. वडील कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला जायचे. लिलावाला व्यापारी किती उभे आहेत हे ते आधी मोजायचे. कांदा तोच, ट्रॉली तीच, पण चारच व्यापारी असले की भाव वेगळा. तेव्हा ते ट्रॉली सावलीला लावून म्हणायचे, दुपारचा लिलाव बघू. मी बरोबर असले की मला कंटाळा यायचा, कारण घरी जायला उशीर. वडिलांची ती ट्रॉली मला पुढे पस्तीस वर्षांनी आठवली, स्वतःचे पैसे घालवल्यावर.

२०२१ ची गोष्ट. एका मिडकॅप (मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या) ईटीएफची ५०० युनिट घ्यायची होती. भाव पन्नास दिसत होता. ऑफिसात दोघं ताटकळत बसलेले, म्हणून घाईने मार्केट ऑर्डर टाकली. पन्नासला विकणाऱ्याकडे होती फक्त ६० युनिट. पुढची १४० एक्कावन्नला आणि उरलेली ३०० त्रेपन्नला. सरासरी पडली बावन्नच्या वर, म्हणजे चार टक्के उडाले. दोन मिनिटांनी भाव बघितला तर साडेएकोणपन्नास. ऑर्डरच्या स्क्रीनवर घेणारे आणि विकणारे यांच्या पाच-पाच ओळी दिसत असतात. मी त्या उघडल्याच नव्हत्या. दुसऱ्यांना शिकवणारी मी.

मार्केट ऑर्डरचा अर्थ "जो असेल तो भाव द्या". मोठ्या निफ्टी ईटीएफमध्ये घेणारा आणि विकणारा यांत काही पैशांचंच अंतर असतं, तिथे निभावून जातं. कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये हे म्हणजे सही करून कोरा चेक देणं. तिथे लिमिट ऑर्डरच टाका: आयएनएव्ही बघा, त्याच्या आसपास आपला भाव लिहा आणि गप्प बसा. सकाळचा पहिला अर्धा तास तर मी बघतही नाही, कारण तेव्हा आतल्या शेअरांचेच भाव ठरायचे असतात आणि मार्केट मेकरही अंतर मोठं ठेवून बसतात. अकरा ते अडीच ही माझी वेळ.

यावर तरुण मंडळींचं ठरलेलं उत्तर: "ताई, लिमिटने ऑर्डर लागतच नाही." नाही लागली तर नाही लागली. पंचवटी एक्सप्रेस सुटत नाहीये. वीस वर्षांसाठी घेतोय म्हणणाऱ्या माणसाला वीस मिनिटं धीर निघत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

बाकीच्या, भराभर

"हा पंचवीस रुपयांचा आहे, तो अडीचशेचा, म्हणून हा स्वस्त." अहो, आत निफ्टीच आहे. पिझ्झ्याचे आठ तुकडे केले काय आणि ऐंशी केले काय. निफ्टी बीज हा २००१ मध्ये आलेला आपल्याकडचा पहिला ईटीएफ. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या एका युनिटची दहा झाली. त्या सकाळी नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांचा फोन आला, आवाज कापत होता: बाराशे-तेराशेचा माल एकशेवीस-तीसवर आलाय, विकू का? म्हटलं, काका, आधी युनिट मोजा. मोजली. मग पाच मिनिटं स्वतःवरच हसले. विकली असती तर नुकसान झालं नसतं म्हणा, पण कर मात्र भरावा लागला असता, तोही घाबरल्याचा.

"सगळ्यात मोठा फंड घेतो, त्यात उलाढाल असणारच." असेलच असं नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफमध्ये पैसे टाकते. सातपूर-अंबडच्या कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफही त्यात आला. हा पैसा येऊन वर्षानुवर्षं बसून राहतो. फंड डोंगराएवढा दिसतो, रोजच्या बाजारात मात्र त्याचा थोडाच भाग फिरतो. फंडाचा आकार बघू नका, रोज किती युनिट हातोहात जातात ते बघा. एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांत असेल तर जिकडे गर्दी जास्त तिकडेच घ्या. बहुतेक वेळा ती एनएसईवर असते.

खर्चाचं प्रमाण ०.०४ टक्के की ०.०७ टक्के यावर तासभर वाद घालणारे मी पाहिलेत. लाखावर वर्षाला तीस रुपयांचा फरक. तेवढ्यात कॉलेज रोडला मिसळसुद्धा येत नाही. तोच माणूस अडीचशेच्या युनिटला रुपया जास्त देऊन मोकळा होतो, म्हणजे लाखाला चारशे रुपये एका क्षणात गेले. बघायचंच असेल तर ट्रॅकिंग डिफरन्स बघा. निर्देशांकाने लाभांशासकट वर्षभरात किती दिले, म्हणजे टीआरआय, आणि फंडाने त्यातले किती तुमच्यापर्यंत आणले, हा त्यातला फरक. खर्च, रोख पडून राहिलेली रक्कम, शेअर बदलताना झालेली तूट, सगळं त्यात येतं. ट्रॅकिंग एरर वेगळा. तो फरक रोज किती हलतो ते सांगतो, आणि शेअरच्या ईटीएफमध्ये तो वर्षाला दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा सेबीचा, म्हणजे बाजार नियामकाचा, नियम आहे. लोक दोन्हींची नावं एकमेकांना देतात.

पाच ईटीएफ घेतले, सगळे एकच. निफ्टी, सेन्सेक्स, बँक, "टॉप १००" वगैरे. सेन्सेक्सच्या ३० कंपन्या बहुतेक निफ्टीतच आहेत आणि बँका तिथेही सगळ्यात वजनदार. एकाच घरातल्या पाच जणांना जेवायला बोलावलं की पंगत वेगवेगळी होत नाही.

लिक्विड बीज या रोखीसारखे पैसे ठेवायच्या ईटीएफचा भाव हजारावरून हलत नाही, म्हणून "पैसे अडकले" असं सांगायला एक मावशी आल्या होत्या. तो हलत नाही, कारण रोजचा लाभांश युनिटांच्या रूपात खात्यात येतो. भाव सोडा, युनिट मोजा. आणि तो लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो, हे विवरणपत्र भरताना लक्षात असू द्या.

महिन्याला हजार रुपये टाकायचे आहेत, डीमॅट नाही, बाजार बघायला वेळ नाही? मग इंडेक्स फंड (निर्देशांक तोच, पण युनिट थेट फंड कंपनीकडून) घ्या आणि कामाला लागा. ईटीएफ विकताना दर वेळी डीपीचं, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेचं, शुल्क लागतं आणि हजारात बसतील तेवढीच पूर्ण युनिट येतात. बाकी चिल्लर खात्यात लोळत राहते. ईटीएफ घेणं म्हणजे काही मोठं शहाणपण नाही, जरी समाजमाध्यमांवर तसं वाटत असलं तरी.

करात सगळे ईटीएफ एकाच टोपलीत घालू नका. भारतीय शेअरचा ईटीएफ वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर १२.५ टक्के, आणि त्यात आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट. सोन्या-चांदीचा ईटीएफ वर्षाच्या आत विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे, नंतर १२.५ टक्के, पण सव्वा लाखाची सूट इथे नाही. रोख्यांचा ईटीएफ १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेला असेल तर कितीही वर्षं ठेवा, स्लॅबच. तरी निदान एक जण सोन्याचा ईटीएफ बाराव्या महिन्यात विकून येतोच. तीन आठवडे थांबायचं होतं फक्त.

आणि विकल्यावर पैसे त्याच दिवशी हातात येत नाहीत. पुढच्या कामकाजाच्या दिवशी ब्रोकरकडे येतात, तिथून बँकेत. एका ग्राहकाने शुक्रवारी दुपारी युनिट विकली आणि शनिवारी सकाळी लेकीच्या लग्नाच्या मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स द्यायला निघाला. सोमवारी पैसे आले तोवर तारीख दुसऱ्याने घेतली होती. लग्न झालं, नाशिकरोडला झालं, आणि आजही त्याची बायको मला रस्त्यात भेटली की विचारते, "तुम्ही यांना आधी सांगितलं नव्हतं का हो?"