शाझिया मिर्झाला बघून पहिला पाच मिनिटांचा सेट कसा लिहायचा (खास इंदूरवाल्यांसाठी)

आधीच सांगून टाकते, मी काही मोठी स्टँड-अप कॉमेडियन वगैरे नाहीये, इंदूरच्या लोकमान्य नगरातली साधी मुलगी, सात ओपन माइक (म्हणजे नाव नोंदवून कोणीही पाच मिनिटांचा आपला सेट, म्हणजे जोक्स, करून बघतो तो कार्यक्रम) झालेत आणि त्यातले चार साफ बॉम्ब, म्हणजे कोणी हसलंच नाही. पहिल्यांदा मी सराफा (आपला रात्रीचा खाऊबाजार), पोहे आणि ट्रॅफिकवर बोलले आणि माझ्या आधीच्या तिघांनी पण सराफा, पोहे आणि ट्रॅफिकच केलं होतं, त्यामुळे समोरची पोरं कोल्ड कॉफीतला बर्फ मोजत बसली. घरी येऊन रागारागात यूट्यूबवर ब्रिटिश कॉमेडियन शाझिया मिर्झा बघितली, तेव्हा कुठे ट्यूबलाइट पेटली.

शाझिया बर्मिंगहॅमची, आईवडील पाकिस्तानातून आलेले, मँचेस्टरला बायोकेमिस्ट्री शिकली, मग लंडनच्या टॉवर हॅमलेट्स भागात सायन्सची टीचर झाली. दिवसा शाळा, रात्री स्टेज. सुरुवातीला हिजाब घालून उभी राहायची. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानं अपहरण करून हल्ले झाले आणि थोड्याच दिवसांत ती माइकवर येऊन म्हणाली, माझं नाव शाझिया मिर्झा, निदान माझ्या पायलटच्या लायसन्सवर तरी हेच लिहिलंय. बस. हॉलमध्ये जो तो मनात जे दाबून बसला होता ते तिने स्वतःच बोलून टाकलं, एका वाक्यात, काही समजावत न बसता.

तर पहिलं काम हेच. तुम्ही तोंड उघडायच्या आधी लोकांनी तुमच्याबद्दल काय ठरवून टाकलंय ते शोधा. स्वतःला विचारून कळत नाही, आपण स्वतःला फार हुशार वाटतो, म्हणून दोन मित्रांना विचारा आणि वाईट वाटून घेऊ नका. माझं काय निघालं तर आडनाव. इथे होस्टला ळ म्हणताच येत नाही, त्याने मला "काले जी" करून बोलावलं, मी माइक धरला आणि म्हटलं, "भिया, काळे. काली तो मैं छप्पन पे पार्किंग ढूँढते-ढूँढते हुई हूँ." (छप्पन म्हणजे छप्पन दुकान, इथली खाण्याची गल्ली.) पहिलं हसू तिथेच आलं, नाहीतर आधी दोन-दोन मिनिटं कोणी हलायचं नाही.

पण तिथेच तंबू ठोकू नका. शाझियाने त्या एका पायलटवर वीस वर्षं काढली असती, पण नाही काढली, पुढे स्टेजवर हिजाब पण सोडला, आणि २०१५ मध्ये बेथनल ग्रीनच्या तीन शाळकरी मुली आयसिसमध्ये जायला सीरियाला निघून गेल्या त्यावरून तिने अख्खा शो केला, द कार्डॅशियन्स मेड मी डू इट. बेथनल ग्रीन म्हणजे त्याच टॉवर हॅमलेट्समधलं, जिथे तिने पोरं शिकवली. आपल्याकडे बघा, कॉमेडियन सुमैरा शेखने स्वतःचं मुंबईतलं डोंगरी उचललं, उरूज अशफाकने आईबाबांचा घटस्फोट आणि स्वतःची थेरपी, आणि २०२३ ला एडिनबराच्या कॉमेडी अवॉर्ड्समधलं बेस्ट न्यूकमर घेऊन आली. म्हणजे सराफ्यावर बोलूच नका असं नाही, सराफ्यात तुमच्या घरच्यांचं काय होतं ते बोला. माझी आजी अजूनही सांगते की जीरावन (इंदुरी मसाला) आणि शेव घातले की ते पोहे राहत नाहीत, ती भेळ होते, आणि हे ती शेव मागून घेत सांगते.

आता लिहायचं कसं. जसं बोलता तसंच लिहा, पाच मिनिटं म्हणजे वहीची दोन-अडीच पानं, जास्त नको, हसायला पण वेळ लागतो (लागला तर बरंच). मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी येतं आणि गमतीचा शब्द मध्येच गाडला जातो. "आजी दिवसभर सीसीटीव्हीसारखी खिडकीत बसलेली असते" यावर कोणी हसत नाही, कारण सीसीटीव्ही येऊन गेल्यावर पण तुम्ही बोलतच आहात. त्याऐवजी "खिडकीत आजी बसते. सोसायटीचा सीसीटीव्ही." आणि गप्प. प्रत्येक जोकच्या शेवटच्या शब्दाभोवती गोल काढा, तो हसवणारा नसेल तर वाक्य फिरवा. भाषा म्हणाल तर कॅफेत हिंदीच चालतं, मराठी सेट गणपतीच्या मंडळासाठी ठेवा, तिथे ळ सगळ्यांना येतो.

नाव नोंदवायचं काम सोपं आहे, इन्स्टावर फॉर्म येतो, भरा. मला आलेल्या फॉर्ममध्ये धर्म आणि राजकारण नको असं लिहिलेलं होतं. घाबरतात, आणि इंदूरात का घाबरतात ते सगळ्यांना माहीत आहे, १ जानेवारी २०२१ ला कॉमेडियन मुनव्वर फारुकीला धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून पोलिसांनी इथल्याच एका कॅफेतून नेलं आणि ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला तोवर तो आतच होता. मला स्वतःला ही अट पटत नाही, पण पहिल्या सेटला फॉर्म पाळा आणि घरच्यांवर बोला, तिथे पण मसाला कमी नाहीये.

सेट फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको, त्या रात्री सगळंच वाईट वाटतं. जिथे लोक हसले तिथे खूण करा, बाकीचं कितीही लाडकं असलं तरी काढा.

आणि चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, तो दिसला की चालू आहे तो जोक संपवा आणि उतरा. मी एकदा "बस एक और" म्हणून थांबले, होस्टने माइक नाही मागितला, सरळ गाणं लावलं.