कानाची चक्कर: मी केलेल्या या चुका तुम्ही टाळा

मे महिन्यात नागपुरात कुणाला गरगरलं की निदान ठरलेलं: ऊन लागलं. मलाही आईने पन्हं पाजलं, उशाशी कांदा ठेवला. पण उन्हाने डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझी तर अख्खी खोलीच फिरत होती. आईच म्हणाली, "तुझे डोळे उजवीकडे झटके का देत आहेत गं?" डाव्या कानाची, तोल सांभाळणारी नस सुजली होती. (जीभ जड होणं, एकाचं दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही सोबत असेल तर पन्हं राहू द्या, आधी दवाखाना गाठा.)

खरी चूक पुढची. चक्कर दाबणारी गोळी पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती असते. मी ती तीन आठवडे घेतली आणि पडून राहिले. डोकं वळलं की आतल्या कानाच्या इशाऱ्यावर डोळे १० मिलिसेकंदांच्या आत उलट दिशेला वळतात, म्हणून चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. एक कान अधू झाला की हे वळणं अपुरं पडतं आणि पाटी धूसर होते. त्या धूसरपणावरूनच लहान मेंदू नवा हिशोब शिकतो. डोकं हललंच नाही, तर तो शिकणार कशावरून? वर गोळीची गुंगी.

डोळ्यांचं हे वळणं पुरतंच गेलं तर? स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे दोन्ही कानांचा तोल गेलेल्या एका डॉक्टरने १९५२ साली लिहून ठेवलंय: वाचायचं तर पलंगाच्या गजांमध्ये डोकं टेकवून धरावं लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेही अक्षरं नाचत.

मेंदूला नवा हिशोब शिकवणाऱ्या व्यायामातही घोळ होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक आकडा धरा. नजर त्यावरच ठेवून मान डावी-उजवी हलवा, आकडा जेमतेम स्पष्ट राहील इतक्याच वेगाने. मी आधी इतकी हळू हलवायचे की काही गरगरायचंच नाही, म्हणजे उपयोग शून्य. सुरुवातीला दिवसातून तीनदा, मिळून किमान १२ मिनिटं, फिजिओथेरपिस्टला विचारून.

भिंत धरून चालायची सवय लवकर सोडा. मी भावाला सोबत घेऊन फुटाळा तलावाच्या काठाने, मान वळवत चालले. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीला मात्र घाई करू नका, तिथे सगळंच हलतं.

आणि फक्त कूस बदलली की मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर असेल, तर तो वेगळा आजार: कानातले बारीक कण जागचे सुटलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेतात. त्यासाठी कॅलेंडरापुढे मान हलवत बसू नका.