पोर्तुगालचा अभ्यास कसा करावा: सनावळीआधी नकाशा

पुण्यातील सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी एखाद्या युरोपीय देशाचा अभ्यास बहुधा राजधानी, चलन आणि सनावळी यांपासून सुरू करतात. ही माहिती चार दिवसांत पुसली जाते, कारण ती ज्या भूमीशी जोडायची, ती भूमीच डोळ्यांसमोर नसते. आधी भूगोल, मग त्या भूगोलावर घडलेला इतिहास आणि शेवटी आजच्या जगात त्या देशाचे वजन, हा क्रम मला खात्रीचा वाटतो. येथे उदाहरणासाठी पोर्तुगाल घेतला आहे, कारण मराठी मुलखाशी या देशाचा संबंध पुस्तकी नाही, तर दोनशेहून अधिक वर्षांच्या शेजाराचा आणि संघर्षाचा आहे.

अप्पा बळवंत चौकातून एक चांगला नकाशासंग्रह आणि ट्रेसिंग पेपर आणावा व इबेरियन द्वीपकल्पाची, म्हणजे स्पेन व पोर्तुगाल ज्यावर आहेत त्या भूभागाची, बाह्यरेषा स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी. पोर्तुगालला जमिनीवरून लागून असलेला देश एकच, तो म्हणजे स्पेन. पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर आहे. भूमध्य समुद्राला या देशाचा किनारा लागत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण अनेकांचा येथे घोटाळा होतो. त्यानंतर डोरू आणि तेजू या दोन नद्या काढाव्यात. दोन्ही नद्या स्पेनमध्ये उगम पावतात, पश्चिमेकडे वाहतात आणि अनुक्रमे पोर्तू व लिस्बन या शहरांजवळ महासागराला मिळतात. येथे थांबून आपली भीमा आठवावी. ती भीमाशंकरला उगम पावते, अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, आणि कृष्णेला मिळून तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. पोर्तुगालमध्ये मात्र आतल्या मुलखाची वाट पाण्यानेच बंदराकडे उतरते. डोरूच्या खोऱ्यातील द्राक्षमद्य होड्यांमधून ज्या लाकडी भांड्यांत पोर्तूला येत असे, त्यांना पोर्तुगीज भाषेत ‘पिपा’ म्हणतात, आणि आपल्या घरातील पाण्याचे पिंप हा शब्द त्यावरूनच आला आहे. बटाटा, पाव, चावी, पगार, लिलाव, बादली आणि नाताळ हेही त्याच वाटेने मराठीत आलेले शब्द आहेत.

आकारमान परिचित मापाने मोजावे. पोर्तुगालचे क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. मुख्य भूमीवरील सर्वोच्च ठिकाण सेरा दा एश्त्रेला येथे १,९९३ मीटरवर आहे, परंतु देशातील सर्वांत उंच पर्वत, २,३५१ मीटरचा पिकू, अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर आहे. त्यामुळे अझोर्स आणि मदेरा ही बेटे नकाशात काढल्याशिवाय पोर्तुगाल पूर्ण होत नाही.

आता याच नकाशावर इतिहास मांडावा. ११४३ मध्ये पोर्तुगालच्या स्वतंत्र राज्याला शेजारच्या लिओनच्या (आता स्पेनचा भाग) राजाने मान्यता दिली आणि १२९७ च्या तहाने स्पेनच्या बाजूची सीमा ठरली, जी आजपर्यंत फारशी हललेली नाही. पूर्वेला कॅस्टिलचे बलाढ्य राज्य (आता स्पेनचा भाग) असल्यामुळे विस्ताराची मोकळी दिशा समुद्राचीच उरली होती. तरीही भूगोलाने सर्व काही घडवले असे मानू नये. नकाशा शक्यता दाखवतो, निर्णय माणसे घेतात. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील स्यूटा घेतले गेले, १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकले. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता.

वसईसाठी मात्र वेळ राखून ठेवावा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेली वसई पोर्तुगीजांनी २०५ वर्षे राखली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराच्या परिसरात आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या मोहिमेतून आलेली मानली जाणारी चर्चची घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती स्पष्ट दिसते. ती घंटा जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला १७३९ हे साल वेगळे पाठ करावे लागत नाही.

त्यानंतरचा काळ थोडक्यात पाहता येतो: १७५५ चा लिस्बनचा विनाशकारी भूकंप, १८२२ मध्ये ब्राझीलचे स्वातंत्र्य, १९१० मध्ये प्रजासत्ताक आणि पुढे सालाझार यांची दीर्घ हुकूमशाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले, पण पोर्तुगालने त्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते डिसेंबर १९७४ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी २५ एप्रिलच्या क्रांतीने हुकूमशाही संपल्यानंतर. ही दोन साले जोडीनेच लिहावीत.

जागतिक स्थान ठरवताना केवळ अर्थव्यवस्थेच्या क्रमवारीवर विसंबू नये. २०११ मध्ये ७,८०० कोटी युरोंचे साहाय्य घ्यावे लागलेला हा देश १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य आहे आणि १९८६ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, आला. जगातील बुचाच्या उत्पादनाचा सुमारे निम्मा वाटा त्याचा आहे. बेटांमुळे त्याचे अनन्य आर्थिक सागरी क्षेत्र, म्हणजे ज्यातील साधनसंपत्तीवर त्याचाच हक्क आहे तो समुद्र, जमिनीच्या अनेक पटींनी मोठे आहे, आणि ब्राझीलमुळे त्याची भाषा वीस कोटींहून अधिक लोक बोलतात. माजी पंतप्रधान अंतोनियो गुतेरेस यांनी २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदाची सूत्रे हाती घेतली, तर वडिलांकडून गोव्याशी नाते असलेले अंतोनियो कोश्ता डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. माझ्या मते लहान देशाचे खरे वजन अशा भाषेत, समुद्रात आणि संस्थांत शोधावे लागते.

आठवड्याने नकाशासंग्रह मिटून कोऱ्या कागदावर किनारा, दोन नद्या आणि बेटे पुन्हा काढावीत व प्रत्येक सनासमोर त्याचे ठिकाण लिहावे: १४१५ समोर स्यूटा, १७३९ समोर वसई. ज्या सनासमोर ठिकाण आठवत नाही, तेवढाच भाग पुन्हा वाचावा.