बोस्टन फर्न करपतोय? पाण्याचा तांब्या उचलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे घरोघरी बोस्टन फर्नच्या पानांच्या कडा तपकिरी पडतात. चिमटीत चोळल्या तर चुरा होतो. मग कोणीतरी म्हणतं, ‘तहानलंय बिचारं’ आणि तांब्याभर पाणी ओततं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्याकडचे बरेच फर्न असेच मरतात.

हे झाड मुळात फ्लोरिडा, वेस्ट इंडिजकडच्या दमट सावलीतलं. पारा ४५ च्या आसपास गेला की आपली हवा पानांतलं पाणी मुळांना पुरवता येणार नाही इतक्या वेगानं ओढून घेते. त्यात कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी उचलत नाहीत. म्हणजे ओल्या मातीत उभं राहून झाड वाळतं.

म्हणून आधी मातीत बोट घाला. वरचा थर कोरडा लागला तर खुशाल पाणी द्या. माती ओली आणि फक्त कडा करपलेल्या असतील तर दोष हवेचा. बुडाकडची पानं पिवळी पडून कुंडीला कुबट वास येत असेल तर झाड बाहेर काढून काळी, मऊ मुळं कापून टाका.

हवेचा इलाज म्हणजे कूलर, पण थेट झोतात ठेवणं ही दुसरी चूक. वाऱ्यानं पानं आणखी सुकतात. त्याच खोलीत, झोताच्या बाजूला, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशी जागा बघा. उजेडाची खिडकी असलेलं न्हाणीघर त्याहून चांगलं. भर दुपारी फवारा मारण्यात फारसा अर्थ नाही, पान लगेच कोरडं होतं.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंडीत टाकू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात; बोअरचं जड पाणी असेल तर बघायलाच नको. आरओचं टाकाऊ पाणीही तसंच. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की क्षार साचू लागलेत असं समजा. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

शेतातली काळी माती कपाशीला छान, कुंडीतल्या फर्नला नाही. ओली झाली की चिकट गोळा, सुकली की भेगा, आणि त्यात बारीक मुळं तुटतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू घ्या.

पानामागे ओळीनं तपकिरी ठिपके दिसले की काहीजण थेट कीटकनाशक मारतात. ते बीजाणू आहेत, कीड नव्हे. खवले कीड वेडीवाकडी कुठेही चिकटलेली असते, नखानं निघते आणि पान चिकट करते. कुंडीतून लोंबणारे हिरवट दोरेही कापू नका, त्यांनाच नवी रोपं फुटतात.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, ते बुडातून कापा. खत आणि कुंडी बदलणं पावसाळ्यावर टाका. मे महिन्यात झाड जगलं तरी पुरे.